गुरूच्या भांड्यांत शिष्य कसा ओळखायचा?

आर्वीकडचा कुंभार: जपानातल्या माशिको गावचे कुंभार हामादा शोजी अन् त्यांचे शिष्य शिमाओका तात्सुझो, दोघांच्या भांड्यांचे फोटो पाह्यले. घडण एकाच घरची वाटते. मग शिष्याचं स्वतःचं काय? मीही बाबांसारखेच माठ थापतो, म्हणून विचारतो.

मातीवेडी: दादा, अंगावरची नक्षी पाहा. शिमाओकांचे वडील रेशमी दोऱ्या वळायचे. लेकानं दोरी ओल्या मातीवर फिरवली, वळांत पांढरी माती भरली, वरची खरवडून काढली. १९९६ मध्ये जपाननं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानलं. गुरूंना १९५५ मध्येच. मला तर ते वळ फार जीव लावतात.

आर्वीकडचा कुंभार: काल माठावर अंबाडीचं दावं फिरवलं. पोटावर वळ छान उठले, गळ्यापाशी माती सुकलेली, तिथं काहीच नाही. बाबांनी बोट फिरवलं अन् म्हणाले, "उद्या सकाळीच कर."