मदत हवी आहे: परड्यातली भाजी आणि घरची शाळा. दोडक्याची कोवळी फळं गळायलीत, मिरचीची रोपं माना टाकायलीत

परड्यातली_आई

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहितेय. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. जूनपासून दोघांचं शिक्षण घरीच सुरू केलंय. घरामागं २० फूट बाय १५ फूट परडं आहे. माती तांबडी, जांभ्याची. पाऊस पडला की तासाभरात पाणी मुरतं, पण चार दिवस उघडीप मिळाली की वरचा थर कडक होतो. भाजीची कामं हाच मुलांच्या अभ्यासाचा कणा ठेवायचा आहे, म्हणून नीट समजून घेऊन करायचंय. तीन ठिकाणी अडलंय.

दोडका मेच्या वळवावर लावला. वेल मांडवावर गेलाय, फुलं भरपूर आहेत. पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. या आठवड्यात अकरा गळली, दोन टिकली. गळलेल्यांत काही सरळ आहेत, काही एका बाजूला वाकलेली.

मिरची आणि टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकलं. उगवण चांगली झाली, पण पाचव्या-सहाव्या दिवशी रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडायलीत. परड्यातली माती निम्मी, शेणखत निम्मं. पाऊस आहे म्हणून ट्रे पडवीत ठेवलेत, पाणी सकाळ-संध्याकाळ.

तिसरं अभ्यासाचं. भाजीतून गणित कुठवर नेता येतं? धाकट्याला कोणतं काम द्यावं? आणि कन्नडचं काय करावं? घरात कुणाला धड येत नाही, पण इथं राहायचं तर मुलांना यायलाच हवं.

जांबोटी_रस्ता

ताई, दोडक्याला दोन वेगळे त्रास एकाच वेळी झालेत असं दिसतंय. सरळ आणि वाकडी असा फरक तुम्ही टिपलात, त्यातच उत्तर आहे. गळलेली फळं गोळा करून ताटात मांडा आणि मुलांच्या समोर उभी चिरा.

सरळ फळ, टोकाकडून पिवळं पडत आलेलं, आत काही नाही, सालीवर डाग नाही: त्या फुलाला पराग मिळालाच नाही. वाकडं फळ, वाकलेल्या बाजूला सुई टोचल्यासारखं बारीक भोक, त्यावर डिंकाचा वाळलेला थेंब, आत पांढऱ्या अळ्या: ती फळमाशी. अळी ताटात ठेवून थोडा वेळ थांबा. अंग वाकडं करून ती टुणकन उडी मारते. उडी मारली की ओळख पक्की.

आधी परागाचं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुधी भोपळ्याचंही तसंच. घोसाळं, काकडी, कारलं, लाल भोपळा ही सगळी सकाळची. म्हणजे सकाळी फिरणाऱ्या मधमाश्या दोडक्याच्या फारशा कामाच्या नाहीत, तिथं संध्याकाळी उडणारे किडे लागतात. आषाढात रोज संध्याकाळी पाऊस असेल तर ते येत नाहीत आणि फळ धरत नाही. मग ते काम हातानं करायचं.

नर फुलं घोसानं येतात, देठ साधा असतो. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागं इवलासा दोडका आधीपासून असतो. साडेपाच-सहाला फुलं उमलली की ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागं मोडा आणि मधली पिवळी पूड मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकेच दोन-तीनदा टेकवा. घासू नका, तो भाग चिरडतो. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहा. पाऊस यायची चिन्हं असतील तर फुलावर कागदाची पुंगळी घाला आणि सकाळी काढा. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. तीन-चार दिवसांत फळ हिरवंच राहून लांबायला लागलं तर जमलं. वेल नवा असेल तर सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात, त्याची काळजी करू नका.

माशीसाठी कामगंध सापळा (वासानं नर माश्यांना ओढून घेणारा) लावा. दुकानात मागताना ‘क्यू-ल्यूर’ असं नाव घेऊन मागा. आंब्याच्या माशीचा सापळा मिथाइल युजेनॉलचा असतो, तो वेलभाज्यांवर लावून उपयोग नाही. पुष्कळांचं इथंच चुकतं आणि सापळाच कुचकामी म्हणून सोडून देतात. तुमच्या परड्याला एक सापळा पुरे, मांडवाच्या सावलीत चार-साडेचार फुटांवर, पावसाचं पाणी आत जाणार नाही असा. पण सापळ्यात फक्त नर सापडतात. अंडी घालणारी मादी मोकळीच राहते, म्हणून गळलेलं फळ रोजच्या रोज उचलायलाच हवं. अळी फळातून निघून मातीत शिरते आणि वरच्या दोन-तीन इंचांतच कोष करते. गळलेली फळं खतखड्ड्यात टाकली तर तुम्ही माश्याच पाळल्यात. जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. ऊन नसेल तर दीड-दोन फूट खोल पुरा. टिकलेल्या फळावर वर्तमानपत्राची नळी चढवली की माशीला टोचायला जागा राहत नाही.

आता रोपं. याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतली बुरशी आहे, आणि तिला जे जे हवं ते सगळं तुमच्या ट्रेमध्ये आहे: निम्मं शेणखत (बहुतेक अर्धवट कुजलेलं), दोन वेळा पाणी, पडवीतली सावली. पडलेली रोपं पुन्हा उभी राहत नाहीत. ती आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका, उरलेल्या ट्रेचं पाणी दोन दिवस तोडा आणि उजेडात आणा.

नव्यानं करताना माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं खत समान भाग. वाळू धुतलेली हवी. खत कुजलंय का हे हातानं कळतं: मूठभर घ्या, शेणाचा वास येता कामा नये, पावसाच्या पहिल्या सरीचा येतो तसा मातीचा वास यायला हवा, आणि मुठीत गरम लागता कामा नये. मिश्रण ट्रेमध्ये भरलं की वरून उकळतं पाणी सोडा (हे मोठ्यांनीच करायचं) आणि पूर्ण गार झाल्यावर पेरा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर तो गार झाल्यावरच मिसळा, किलोभर खताला १० ग्रॅम. गरम मातीत घातला तर तोही मरतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल, ओळीत, ओळींत ५ सेंटिमीटर अंतर. पाणी फक्त सकाळी, वरची माती फिकी दिसली तरच. टोमॅटो २५ ते ३० दिवसांत लावणीला येतो, मिरचीला ३५ ते ४० लागतात.

मुसळधार पावसात या लावणीची घाई करू नका. आता पेरलेली मिरची पाऊस ओसरता ओसरता वाफ्यात जाईल, तेच बरं.

वहीपेन्सिल

परड्याचं माप फार सोयीचं आहे. १५ फुटांच्या रुंदीत ३ फुटांचे तीन वाफे आणि दीड फुटाच्या चार वाटा बरोबर बसतात: ९ अधिक ६. लांबीला दोन्ही टोकांना दीड-दीड फूट सोडलं की वाफा १७ फूट. वाफा ३ फुटांपेक्षा रुंद करू नका. मुलांचा हात दोन्हीकडून मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ती वाफ्यात पाय देतात आणि माती दबते.

मुलीचं इयत्ता चौथी-पाचवीचं निम्मं गणित इथंच आहे. परड्याचं क्षेत्रफळ ३००, एका वाफ्याचं ५१, तिन्हींचं १५३ चौरस फूट. निम्म्याहून जरा जास्त जागा पिकाची आणि बाकीची चालायची, हे तिनं चौकटीच्या कागदावर काढलं की कळतं. एका चौकटीला एक फूट धरा. मग भेंडी: दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत एक फूट. १७ फुटांच्या ओळीत किती झाडं? बहुतेक मुलं १७ म्हणतात. दोन्ही टोकांवर झाड धरलं तर १८ बसतात. कागदावर न पटणारी ही गोष्ट खुंट्या ठोकून मोजली की लगेच पटते.

गुणोत्तरासाठी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत घ्या. २०० लिटर पाण्याचं प्रमाण १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि मूठभर बांधावरची माती. तुम्हाला बादलीभर, १० लिटर पुरे. म्हणजे सगळं विसावा हिस्सा: शेण अर्धा किलो, गूळ १०० ग्रॅम, पीठ १०० ग्रॅम. गोमूत्र किती ते तिला काढू द्या (पाव ते अर्धा लिटर येतं). सावलीत दोन दिवस, रोज दोनदा काठीनं ढवळायचं, आणि आठवड्याच्या आत संपवायचं. हाताळल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं, आणि पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नका, मुळाशी घाला.

शेकडेवारीसाठी बियाणं पारखा. ओल्या फडक्यात २० बिया गुंडाळून ठेवा. १७ उगवल्या तर उगवण ८५ टक्के. ६० पेक्षा कमी आली तर दाट पेरा किंवा बी बदला.

पावसासाठी सपाट बुडाची, वरपासून खालपर्यंत एकसारखी रुंद बरणी उघड्यावर ठेवा, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा आणि रोज सकाळी ८ वाजता मोजून ओता. थंड पेयाची बाटली कापून केलेलं मापक बुडाच्या खाचांमुळे चुकीचं माप दाखवतं. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमचं परडं २८ चौरस मीटरला थोडं कमी, म्हणजे १० मिलिमीटरला जवळजवळ २८० लिटर. हे कळल्यावर मुलगी स्वतःच विचारेल, हे पाणी जातं कुठं? तिथून विज्ञान सुरू करा. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ दोन-तीन तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. शेजारी बैलहोंगल भागातली काळी माती मिळवून दुसरी बाटली ठेवा. थर मोजून दोन्हींची टक्केवारी काढली की तुमच्याकडं पाणी का मुरतं आणि तिकडं का साचतं ते तिचं तिला दिसतं.

धाकट्याला नक्कल करायला लावू नका, त्याची स्वतःची कामं द्या. गळलेली दोडकी रोज मोजून पिशवीत भरणं, शेंगा दहा-दहाच्या जुड्यांत लावणं, ताजव्यात वजन करणं. त्याला मुळा पेरू द्या. तीन-चार दिवसांत उगवतो, ४०-४५ दिवसांत उपटता येतो. सहा वर्षांच्या मुलाला मिरचीची वाट बघणं जमत नाही.

एक मात्र मनापासून सांगते. भाजीतून सगळं गणित येत नाही. पाढे, भागाकार, शुद्धलेखन आणि मोठ्यानं वाचन यांना रोज बैठक लागतेच. मुलीला दीड-दोन तास, मुलाला पाऊण तास, तेही तुकड्यांत. परड्याचं काम सकाळी उरकून, हातपाय धुऊन, खाऊन मग बैठक. मुसळधार पावसाचे दिवस लांब वाचनासाठी राखून ठेवा.

घटप्रभाकाठ

कन्नडसाठी वाफ्यावर पाट्या लावा, दोन्ही लिप्यांत: भेंडी आणि बेंडेकाई, दोडका आणि हीरेकाई, वांगं आणि बदनेकाई, मुळा आणि मूलंगी. कांद्याला पुस्तकात ईरुळ्ळी असतं, पण आपल्या भागात बाजारात उळ्ळागड्डी ऐकू येतं, दोन्ही शिकवा. लिपी आधी अंकांपासून घ्या, बसच्या पाट्यांमुळे सराव आपोआप होतो. आठवड्याला एकदा बाजारात मुलीनं कन्नडमधून भाव विचारायचा आणि हिशेब सांगायचा. घरात कुणाला येत नसेल तर शेजारच्या कन्नड घरात रोज अर्धा तास मुलांना खेळायला धाडा, दोन भाज्या हातात देऊन. त्यासारखी शिकवणी नाही.

मातीचं: चुना अंदाजानं टाकू नका. जांभ्याची माती बऱ्याचदा आंबट (आम्लधर्मी) असते आणि त्यावर चुना घालतात, पण किती ते तपासल्याशिवाय कळत नाही. पाच-सहा ठिकाणी सहा इंच खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घ्या, कडेची चिपटी कापा, सगळ्या एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. होबळीच्या (तालुक्यातल्या गावगटाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात चौकशी करा. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रंही आहेत. नुकतंच खत टाकलेल्या जागेचा नमुना घेऊ नका.

परड्यातली_आई

सगळ्यांचे आभार. अकरा फळं चिरली. सात सरळ, आत काही नाही. चार वाकडी, अळ्या निघाल्या, आणि एकीनं खरंच उडी मारली. आज संध्याकाळी पाच मादी फुलांना दोरे बांधलेत.

एकच राहिलं. पुढं मुलांना शाळेत घालावं वाटलं तर किंवा दहावी द्यायची तर वाट काय?

वहीपेन्सिल

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरचं मूल शाळेबाहेर असेल तर त्याला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागं पडलेलं भरून काढायला खास शिकवणीचीही तरतूद आहे. ही वाट चौदा वर्षांपर्यंत मोकळी आहे. त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, हेही माहीत असू द्या. म्हणून अभ्यासाच्या वह्या तारखेनिशी जपा, जन्मदाखला हाताशी ठेवा आणि आधीच्या शाळेचा दाखला काढला असेल तर त्याच्या दोन प्रती करून ठेवा.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. दहावीच्या प्रवेशाला वय १४ पूर्ण लागतं. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. भाषांत मराठीही आहे आणि कन्नडही. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते, म्हणून विषय एकेक करूनही देता येतात. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या अ, ब, क पातळ्याही त्यांच्याकडं आहेत. फी आणि तारखा दर वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर बघा, कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

जांबोटी_रस्ता

ताई, दोरे बांधलेत तर परवा सकाळी बघून कळवा. आणि फुलं उमलायच्या वेळी मुलीला पंधरा मिनिटं आधीच मांडवाखाली बसवा. कळी ताणली जाऊन पाकळ्या सुटताना डोळ्यांदेखत दिसतात. वेळ आणि त्या दिवशी आभाळ होतं का, एवढं तिच्या वहीत येऊ द्या. आठवडाभराच्या नोंदींवरून तुमच्या परड्यातली नेमकी वेळ ठरेल, मग रोज तासभर वाट बघावी लागणार नाही.