'कॉन्टॅक्टलेस'ला संपर्करहित म्हणायचं की स्पर्शरहित?

रानजाई
एका पतसंस्थेच्या नव्या कार्डाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'कॉन्टॅक्टलेस पेमेंट'ला, म्हणजे कार्ड मशीनमध्ये न घालता पैसे देण्याला, बऱ्याच ठिकाणी 'संपर्करहित व्यवहार' दिसतं म्हणून मीही तेच घातलं आणि काल आईला वाचायला दिलं. ती साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका, वय ७१. वाचून म्हणाली, म्हणजे काही घोळ झाला तर यांच्याशी संपर्क साधायची सोय नाही का? मला पटलंच ते, कारण त्याच पानावर खाली 'अधिक माहितीसाठी संपर्क' असं आहे. मग स्पर्शरहित करू का? आणि मशीनवर कार्ड 'टॅप' करा याला काय लिहू? टिचकी तर नाहीच चालणार.

जुनी_पोथी
संपर्करहित हेच बरोबर आहे, बदलू नका. सम् अधिक पृच्, पृच् म्हणजे मिसळणं. लग्नात नवरदेवाला मधुपर्क देतात ना, दह्यात मध घालून, त्यातला पर्क तोच. फोनवरचा संपर्क हा मागाहून चिकटलेला अर्थ आहे. लोकांना लगेच कळत नाही म्हणून शब्द टाकायचे ठरवलं तर सावरकरांचे महापौर आणि दिनांक रुळलेच नसते.

वॉर्ड_नं_९
पोथीकाका, धातू मान्य, पण २०२० मध्ये मी याद्या करायच्या कामावर होतो, 'बाधिताच्या संपर्कातील व्यक्ती', हाय रिस्क वेगळे, लो रिस्क वेगळे, दिवसभर फोन करून करून लोकांना तोच शब्द ऐकवायचा आणि पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. संपर्क म्हटलं की मला अजून ती शांतता आठवते. तेव्हा कागदावर आजारी माणसाला विलगीकरण आणि संशयिताला अलगीकरण असे दोन शब्द होते, आमच्या निम्म्या स्टाफलाही फरक सांगावा लागायचा, आणि गावात मात्र दोघांनाही 'कोरंटाईन केलं' एवढंच. लोकांनी त्यांचा शब्द केला आणि तोच चालला.

पाणवठा
स्पर्शरहितबद्दल बोलायचंय. कुणी 'अस्पर्श व्यवहार' सुचवायच्या आधीच सांगते, तो तर अजिबात नको. माझ्या आजीला गावातला दुकानदार सुटे पैसे हातात द्यायचा नाही, वरून टाकायचा, आणि तिनेही तिचे पैसे ओट्यावर ठेवायचे, मग तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. लॉकडाऊनमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे ट्रेमध्ये टाका म्हणाले, वर सॅनिटायझर मारलं, आणि माझे डोळे भरून आले. रोगाची भीती खरी होती, त्या दुकानदाराची काही चूक नव्हती, मला कळतं. पण 'स्पर्श नको' हे सोय म्हणून छापायचं असेल तर आमच्या घरी ते सोय म्हणून वाचलं जाणार नाही. कार्डानं काय करायचं ते सांगा ना, काय होत नाही ते कशाला सांगता?

रानजाई
पाणवठाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्पर्शरहित काढतेय.

टेम्सकाठ
आम्ही लंडनला असतो, इथे बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत, त्यामुळे कार्ड रोजच वापरात. घरी मराठीत 'कार्ड लाव' म्हणतो. 'टेकव' पण म्हणतात काहीजण, ते तसं काटेकोर नाही, कारण कार्डात तारेचं वेटोळं असतं आणि मशीनच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला वीज मिळते, तीनचार सेंटीमीटरवर धरलं तरी होतं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवायची मर्यादा २००० ची ५००० झाली ना, तेही पत्रकात असू दे, वयस्कर लोक तेच आधी विचारतात.

जुनी_पोथी
पाणवठाताई, तुमचं म्हणणं वाचून मी बराच वेळ थांबलो. अस्पर्श नको, मान्य. संपर्करहितवर मात्र मी ठाम आहे. 'लाव' हा बोलण्यातला शब्द झाला, छापील कागदाला नाम लागतं.

नाशिककर_भाजीवाली
माझं दुकान आहे, मी सांगते. गिऱ्हाईक 'स्कॅन करू का' विचारतं नाहीतर 'फोनपे करते' म्हणतं, मग दुसरंच ॲप असलं तरी. कार्ड कुणी काढत नाही. आणि पैसे आले की सांगणारा तो दुकानातला डबा बोलतो 'रुपये प्राप्त झाले'. प्राप्त कोण म्हणतं हो? मिळाले म्हणा की.

वॉर्ड_नं_९
प्राप्त हे हिंदीवरून आलंय, 'प्राप्त हुए'.

जुनी_पोथी
अजिबात नाही. प्राप्त ज्ञानेश्वरीच्याही आधीपासूनचा संस्कृत शब्द, 'प्राप्त परिस्थितीत' आपण रोज लिहितो.

नाशिककर_भाजीवाली
लिहिता हो काका. बाजारात बोलत नाही कुणी. पैसे मिळतात नाहीतर येतात. 'आले का?' 'आले.' एवढंच.

रानजाई
प्राप्तवर वेगळा धागा काढा कुणीतरी 🙏 मला आज रात्री पत्रक द्यायचंय. सध्या 'कार्ड मशीनजवळ धरा' असं लिहिलंय आणि मथळ्यात कॉन्टॅक्टलेस तसंच ठेवलंय.

जुनी_पोथी
मथळ्यात तरी मराठी ठेवा हो.

पाणवठा
'जवळ धरा' छान आहे. जवळ हा शब्द आला ते बरं वाटलं.

टेम्सकाठ
एक विचारू? स्पर्शाला आपला शिवणे होता, 'शिवू नको', 'कावळा शिवला', तो आता फक्त कपड्यांचाच उरलाय का? माझ्या मुलीला शिवाशिवी हा खेळ सांगितला तर तिला वाटलं सुईदोऱ्याचा आहे.

वॉर्ड_नं_९
दोन्ही धातू वेगळे आहेत. हातानं शिवणे प्राकृतातल्या छिवपासून, सुईचा सीव् पासून.

नाशिककर_भाजीवाली
आमच्या गल्लीत पोरं अजून शिवाशिवी खेळतात. २०२० ला बंद झालेलं, दुसऱ्या वर्षी परत सुरू झालं.