सीटी नॉर्मल, तरी पेशंट विसरतो: 1.5 टेस्लावर डीटीआय करण्यात अर्थ आहे का?

शिरोली_टेक्निशियन: कागल हायवेला दुचाकीवरून पडलेला पेशंट. सीटी, साधा एमआरआय दोन्ही नॉर्मल. तीन महिने झाले, लक्ष लागत नाही. डीटीआय (मेंदूत पाणी कुठल्या दिशेनं पसरतं ते मोजणारा एमआरआयचा प्रकार) सांगितलंय. मशीनवरचा प्रोटोकॉल 12 दिशांनी मोजणी, बी व्हॅल्यू (पाण्याच्या हालचालीला स्कॅन किती संवेदनशील तो आकडा) 1000, स्लाइस 5 मिमी. चालेल? शिवाय वकिलांना क्लेमसाठी 'तुटलेल्या तारां'चं रंगीत चित्र पाहिजे.

एमआर_फिजिक्स: 5 मिमी अजिबात नको. व्होक्सेल (प्रतिमेचा सगळ्यात लहान ठोकळा) तिन्ही बाजूंनी 2.5 मिमी करा, नाहीतर फॉर्निक्ससारख्या बारीक तंतूंत शेजारचं पाणी मिसळून एफए (पाणी किती एकाच दिशेनं पसरतं त्याचा 0 ते 1 मधला आकडा) उगाच खाली येतो. गणिताला 6 दिशा पुरतात, पण आकडा स्थिर यायला 30 तरी हव्यात. बी-झीरो (पाण्याची हालचाल न मोजणाऱ्या साध्या प्रतिमा) 4-5 घ्या, त्यातला एक फेज एन्कोडिंग (प्रतिमा ज्या दिशेनं ताणली जाते ती दिशा) उलटं करून. मिनिटभराचं काम, पण तेच टाळतात. मग कपाळामागे नि कानाजवळ, हवेच्या पोकळ्यांपाशी, प्रतिमा ताणली जाते आणि नंतर सरळ करता येत नाही. डोकं फोमनं गच्च बसवा.

न्यूरोरेडिओ_केओपी: आधी एसडब्ल्यूआय (एमआरआयचाच एक प्रकार) झालंय का? बारीक रक्तस्रावाचे ठिपके त्यात दिसतात, सीटीत सुटतात. डीटीआय तंतू दाखवत नाही, पाणी कुठल्या दिशेनं सहज पसरतं ते मोजतं. जुन्या दुखापतीत बहुधा एफए घटतो, एमडी (पाणी सरासरी किती पसरतं तो आकडा) वाढतो. पहिल्या काही दिवसांत सुजेमुळे एफए वाढलेलाही सापडतो, म्हणून अपघाताला किती दिवस झाले ते रिक्वेस्टवर लिहाच. आणि सेंट्रम सेमीओव्हालेत (मेंदूच्या वरच्या भागातला तंतूंचा पांढरा भाग) एफए कमी दिसला म्हणून घाबरू नका. दसरा चौकात सगळीकडून गाड्या येतात तसे तिथे तंतू एकमेकांना छेदतात, निरोगी माणसातही. तुलना करायची तर त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलनं काढलेले, त्याच वयोगटातल्या निरोगी लोकांचे आकडे लागतात. ते नसतील तर एकट्या पेशंटच्या एफएवर निदान ठोकू नये.

एमआर_फिजिक्स: चित्राबद्दल: ट्रॅक्टोग्राफीतल्या (डीटीआयवरून तंतूंचं चित्र काढण्यातल्या) रेषा सॉफ्टवेअर काढतं. एफएची मर्यादा (त्याखाली रेषा थांबते) 0.2 वरून 0.3 केली की निम्मं चित्र गायब होऊ शकतं, पेशंट तोच! 'तार तुटली' असं त्यावरून लिहिता येत नाही. वकिलांना स्मरणशक्तीच्या चाचण्यांचा रिपोर्ट जास्त उपयोगी पडेल.

शिरोली_टेक्निशियन: आमचं सॉफ्टवेअर 15 दिशांवरच थांबतं हो सर.

एमआर_फिजिक्स: मग 15 चेच दोन राउंड घ्या, वेगवेगळे सेव्ह करा. एकात हलला तर दुसरा हाताशी राहतो.