डॉक करणे: डकवा, गोदीत लावा की दावणीला बांधा?

गंगावेशकर
प्रोग्रॅमिंगसाठी लागणाऱ्या एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं मराठीकरण आम्ही तिघं फावल्या वेळात करतोय. नव्या आवृत्तीत त्याचं रूपडंच पालटलंय. मेन्यू आटले, बटणांवरची अक्षरं गेली, नुसती चिन्हं उरली. बाजूची पॅनेल ओढून कडेला लावता येतात, नाहीतर सुटी ठेवता येतात. गाडी अडलीय ती या 'डॉक'पाशी. जुन्या भाषांतरात त्याला 'डकवा' आहे आणि 'पेस्ट'लाही 'डकवा'च. परवा एका पोराला वापरून बघायला बसवलं. 'डावीकडे डकवा' वाचून म्हणाला, "सर, आधी कॉपी काय करू?" दुसरा शब्द सुचवा.

निवृत्तमास्तर
गोदी. गोदी कामगार म्हटलं की कुणालाही कळतं. 'गोदीत लावा' करा.

रंकाळाकाठ
मास्तर, कोल्हापुरात गोदी कुणी बघितलीय? आणि हिंदीत गोदी म्हणजे मांडी. पॅनेल मांडीवर घ्यायचं का? मला विचाराल तर डॉक हा शब्दच आपल्या 'डकव'वरून गेलाय. म्हणून बघा मोठ्यानं, डॉक, डकव.

निवृत्तमास्तर
कानाला सारखं लागलं म्हणून व्युत्पत्ती होत नसते. इंग्रजांनी तो शब्द डच खलाशांकडून घेतला, तेव्हा ते हिंदुस्थानात पोचलेही नव्हते.

दूधकट्टा
मी कॉम्प्युटरमधला न्हवं, पण एक सांगतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढत्यात, तुम्ही सगळ्यांनी फेसाळ दूध प्यालंय तिथं. घरी त्याच म्हशी ओळीनं खुंट्याला असत्यात, ती दावण. सोडली की मोकळी, बांधली की आपल्या जागेवर. तुमच्या पॅनेलचं दुसरं काय असतंय? 'दावणीला बांधा' आणि 'मोकळं सोडा'. जोडीनं शब्द मिळाले बघा.

निवृत्तमास्तर
शब्द अस्सल आहे. संस्कृत दामन् म्हणजे दोरी, त्यातूनच दावं आणि दावण. दामोदरही त्यातलाच, पोटाला दावं बांधलेला. पण आज दावणीला बांधणं म्हणजे मिंधं करणं. अमका पक्ष तमक्याच्या दावणीला, हे पेपरात रोज वाचतो.

पेठेतली
गेली बारा वर्षं मी रोज आठ तास अशाच सॉफ्टवेअरमध्ये काढते. ऑफिसात कुणी 'डावीकडे दावणीला बांध' म्हणालं तर हसून मरेन. 'डॉक करा' लिहा आणि मोकळे व्हा. इक्लिप्स नावाच्या अशाच सॉफ्टवेअरात पॅनेलांच्या मांडणीला 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणतात, त्याला कुणीतरी 'दृष्टिकोन' केलेलं पाहिलंय मी. मेन्यूत 'दृष्टिकोन बदला'! तेवढं सांगायला सासूबाई आहेत की घरी.

निवृत्तमास्तर
असाच विचार महाराजांनी केला असता तर राज्यव्यवहारकोश झाला नसता, ताई.

पेठेतली
कोश झाला, मान्य. तरी तुम्ही अर्ज लिहिता, वकील गाठता आणि दप्तर काखेला मारता, सगळं फारसीच. आणि मुळात बटणावरची अक्षरंच काढून टाकलीत, तर तुमचा शब्द दिसणार कुठे? माऊस नेऊन थांबलं की चिमुकल्या चौकटीत दोन सेकंद.

गंगावेशकर
ताईंचा हा मुद्दा खरा आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरात, २०१२ च्या व्हिज्युअल स्टुडिओत, मेन्यू सगळे कॅपिटल अक्षरांत केले, चिन्हांचे रंग काढून ती करडी केली, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. देवनागरीत कॅपिटल नाहीत, तेवढ्यापुरते आपण सुटलो. पण आमचं दुखणं वेगळंच. नव्या रूपात ओळींची उंची कमी केलीय, रोमन अक्षराच्या मापानं. आपले उकार तळाला कापले जातात. 'मूळ फोल्डर' लिहिलेलं पडद्यावर 'मळ फोल्डर' दिसतं. तीन वेळा कळवलं, उत्तर नाही. आणि याला म्हणे आधुनिकीकरण.

निवृत्तमास्तर
आधुनिकीकरण नव्हे, नूतनीकरण. यंत्र बदललं तर आधुनिकीकरण, रंगरंगोटी केली तर नूतनीकरण.

रंकाळाकाठ
जीर्णोद्धार म्हणा. खांब तेच, वर ऑइल पेंट.

पेठेतली
मग जुन्या रूपाला काय म्हणणार? 'क्लासिक'चं मराठी अभिजात ना? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच वर्षी इंटेलिजे या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरनं आपलं जुनं रूप 'क्लासिक' म्हणून मूळ प्रोग्रॅममधून काढून वेगळ्या प्लगिनमध्ये, म्हणजे हवी तर जोडायच्या पुरवणीत, टाकलं. अभिजात झालं की माळ्यावर!

निवृत्तमास्तर
ही तुलना मला पटलेली नाही. अभिजात शब्दावर स्वतंत्र लिहितो.

दूधकट्टा
लिवा. पर आधी त्यांचा मळ काढा.

गंगावेशकर
मंडळी, डॉकचं काय? रविवारी फाइल द्यायचीय.

रंकाळाकाठ
संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा होडीवाल्याला विचारलं, होडी काठाला आणून बांधता त्याला काय म्हणता? तो म्हणाला, "लावतो." नुसतं लावणे. तुम्हीही पहिल्याच पोस्टीत 'कडेला लावता येतात' असंच लिहून गेलाय बघा. 'डावीकडे लावा', झालं काम.

गंगावेशकर
खरंच की! पण घोळ आहे. 'अप्लाय'ला आम्ही आधीच 'लावा' केलंय, आणि दोन्ही एकाच चौकटीत आहेत.

निवृत्तमास्तर
'अप्लाय'ला 'लावा'? हे कुणी केलं?