शाहू मिलच्या 27 एकरांवर काय व्हावं: स्मारक, काम, की दोन्ही?

कोटितीर्थकाठ
आपल्या कोल्हापूरची शाहू मिल, म्हणजे शाहू महाराजांची कापड गिरणी, 2003 साली बंद पडली. माझे वडील साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची, पाळी सुटून वडील दारात येईपर्यंत चहा तयार असायचा. आता त्याच आवारात झाडोरा माजलाय, दगडी भिंतींतून पिंपळ उगवलेत आणि धुराडं तेवढं लांबून दिसतं. कधी गारमेंट पार्क, कधी स्मारक, अशा घोषणा आम्ही ऐकत आलो.

माझं म्हणणं सरळ आहे. शाहू महाराजांनी 1906 साली ही मिल काढली ती संस्थानातल्या माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून. तिथे त्यांची आठवण ठेवायची तर ती कामातूनच ठेवायला हवी. जुन्या इमारती आणि धुराडं जपावं. एका भागात महाराजांचं आणि कामगारांचं संग्रहालय करावं. उरलेल्या शेडमध्ये शिवणकाम, विणकाम आणि यंत्रदुरुस्ती शिकवणारी केंद्रं आणि लहान उद्योगांना परवडणाऱ्या भाड्याचे गाळे काढावेत. आणि एकही एकर विकू नये.

शिवाजीपेठेतली लेक
काका, वडिलांची आठवण वाचून भरून आलं. पण सहमत नाही. जिथे पगार, युनियन, गाळेभाडं आलं तिथे दहा वर्षांत भांडणं होतात आणि पुन्हा कुलूप लागतं. महाराजांनी 26 जुलै 1902 ला नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, एकेका समाजासाठी बोर्डिंग उभी केली. हे सगळं एका जागी दाखवणारं मोठं स्मारक आपल्या गावात नको का? बाहेरून आलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो आणि परत जातो. शाहू महाराज त्याला भेटतच नाहीत. संपूर्ण जागा स्मारकालाच द्या. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला दावेदार तयार होतो.

कोटितीर्थकाठ
ताई, कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मस्थळ आहे, नर्सरी बागेत समाधी स्मारक झालंय. तिथे किती शाळांच्या सहली जातात ते पाहून या. नवं बांधण्याआधी आहे ते भरलेलं दिसू दे. शिवाय महाराजांनी मागे ठेवलेल्या गोष्टी बघा: शाहूपुरीची बाजारपेठ, राधानगरीचं धरण, खासबागेचं कुस्ती मैदान. या सगळ्या वापरायच्या गोष्टी आहेत. धरणाचं पाणी शेतात जातं, खासबागेत पैलवान लढतात. मिलसुद्धा त्यातलीच.

लेथवाला, उद्यमनगर
काका, तुमचं काम काढायचं म्हणणं पटलं, पन शिवणकाम न्हाई. गारमेंटमधी पोरींना काय पगार मिळतोय ते आमच्या गल्लीत येऊन बघा. कापडाचं म्हणाल तर इचलकरंजी हाय की शेजारी, यंत्रमागवाल्यांचेच हाल चालल्यात. मिलच्या बाजूलाच आमचं उद्यमनगर. कास्टिंग, मशिनिंग, तेलाच्या इंजिनापासून सगळं केलंय या गावानं. पन पोराला नवीन मशीन शिकायचं तर पुण्याला जावं लागतंय आनि गेलेलं पोर परत येत न्हाई. चार चांगली मशीन, मोजमापाची एक नीट लॅब आनि शिकवायला जुने कारागीर एवढं त्या शेडमधी आनून ठेवा. आमी लहान वर्कशॉपवाले तासाचं भाडं देऊन वापरू. माझ्यासारख्या मानसाला लाखा-लाखाची मशीन घेऊन परवडत न्हाई.

लालबागची
मी कोल्हापूरची नाही, माझे आजोबा मात्र तिकडूनच गिरणीत आले. मुंबईत जे झालं ते सांगते, कारण तुम्ही त्याच वळणावर उभे आहात.

1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला: जमिनीचे तीन वाटे, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. ऐकायला किती न्याय्य! वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 साली सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडाही दिला. मग 2001 साली नियमात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणीत शेडच शेड असतात, मग वाटायला उरलं काय? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च 2006 मध्ये तो बदल कायम झाला. आज परळला मॉल आणि टॉवर आहेत. बाग शोधावी लागते.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय व्हायचं ठरलं, तेही वर्षानुवर्षं रेंगाळलं. म्हणून पेठेतल्या ताईंना सांगते, स्मारक जाहीर झालं म्हणजे जागा वाचली असं नसतं. आणि काकांनाही सांगते, 'गाळे' हा शब्द फार सैल आहे. किती चौरस फूट, कोणाला, किती वर्षांसाठी, भाडं कोण ठरवणार, हे पहिल्याच कागदावर लिहून घ्या. आमचं सगळं 'रिकामी जमीन' या एका व्याख्येत गेलं.

हिशेबनीस
भावना मान्य, पण पैसा कुठून येणार हे एकानेही लिहिलेलं नाही. दगडी इमारती दुरुस्त करणं नव्या बांधकामापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही आणि त्यानंतर दरवर्षीची देखभाल असते. आपल्या महापालिकेची अवस्था आपल्याला माहीत आहे. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढ अडलेली, 66 चौरस किलोमीटरमध्ये शहर कोंबलंय. उत्पन्न वाढायला जागाच नाही. रस्त्याकडेचे तीन-चार एकर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने व्यापारी वापराला द्या आणि त्या पैशातून बाकीचं चालवा. 'एकही एकर नाही' या हट्टापायी अजून वीस वर्षं पिंपळच वाढतील.

शिवाजीपेठेतली लेक
रस्त्याकडेचे तीन-चार एकर म्हणजे दर्शनी भागच. समोर शोरूम आणि मागे महाराज? हे मला कधीच मान्य होणार नाही. पैशासाठी थांबावं लागलं तर थांबू. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळलं तेव्हा सगळं गाव रात्रभर जागं होतं, सकाळी लोक रडत होते. तिथे दुकानं काढून खर्च भागवू असं कोणी म्हणालं का? नाट्यगृह परत उभं करायचं, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं.

कोटितीर्थकाठ
हिशेबनीस, मालकी सरकारकडेच राहणार असेल, मुदत मोजकी असेल आणि भाडं थेट याच जागेच्या खात्यात जमा होणार असेल, तर मी ऐकून घेईन. पण जागा दर्शनी नको, ताईंचं ते खरं आहे. लेथवाले दादा, शिवणकामाबद्दल तुम्ही म्हणता ते मला कळत नव्हतं. माझ्या डोक्यात मिल म्हणजे कापड, एवढंच बसलंय. मशीन शॉप पहिलं आणि शिवणकाम नंतर, असं म्हणायला माझी हरकत नाही.

शिवणकाम घरी
मी यादवनगरात राहते, घरी ब्लाउज शिवते. नंतर का? पगार कमी म्हणून शिवणकामच नको म्हणता, पण आम्हाला कटिंग आणि पॅटर्न शिकायची सोय झाली तर पगारही वाढेल ना? मला घरातली एक मशीन, दोन पोरं आणि सासूबाईंचं औषधपाणी सांभाळून चालत जाता येईल अशी जागा पाहिजे. मिलची भिंत माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. शेजारी पाळणाघर असेल तर उद्यापासून येईन, माझ्या गल्लीतल्या चौघी येतील. स्मारक झालं तर तेही बघायला येईन, पण एकदाच.

लेथवाला, उद्यमनगर
ताई, चुकलं माझं. एका शेडमधी आमी, एका शेडमधी तुमी. पाळणाघर मधी.

कोटितीर्थकाठ
ज्यांच्या घरचं कोणी मिलमध्ये होतं त्यांनी कोणतं खातं कुठल्या इमारतीत होतं ते आठवेल तसं इथे लिहा. साचाखात्याचं मी कागदावर काढायला घेतलंय. पाडापाडी सुरू होण्याआधी कुठली शेड कशाची होती एवढं तरी आपल्याकडे पाहिजे.