सांगलीत राहून निन्टेंडो स्विच २ खात्रीने कुठून घ्यावा?

विश्रामबागकर:
निन्टेंडो स्विच २ हा कन्सोल (व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र) ५ जून २०२५ रोजी जपान, अमेरिका आणि युरोपात विक्रीस आला. परंतु भारतात त्याची अधिकृत विक्री नसल्यामुळे सांगली, मिरज आणि कोल्हापूर येथील दुकानांत चौकशी केली की सर्वत्र नकारच मिळतो. ऑनलाइन जे दिसतात ते खासगीरीत्या आयात केलेले असून, प्रत्येक विक्रेत्याची किंमत निराळी असते आणि ती कशावरून ठरली हे कोणी सांगत नाही. पुण्यातील एका विक्रेत्याने आगाऊ रक्कम घेऊन माझे नाव नोंदवले, 'माल पुढच्या आठवड्यात येतो' असे सांगत बराच काळ थांबवले आणि माल आल्यावर ठरल्यापेक्षा अधिक पैसे मागितले. मी नकार दिल्यावर आगाऊ रक्कम परत मिळवण्यासाठीही पाठपुरावा करावा लागला. पूर्ण पैसे देण्याची तयारी असूनही पक्के बिल आणि हमी मागणाऱ्या ग्राहकाला अशी वागणूक मिळावी, याचा मला मनापासून राग येतो. आता दुसरा एक विक्रेता जपानी आवृत्ती बरीच स्वस्त देतो म्हणतो. मी आणि माझी मुलगी मिळून खेळणार आहोत आणि जुन्या स्विचची काही कार्ट्रिज (यंत्रात घालायची खेळांची कार्डे) घरात आहेत. ही आवृत्ती घ्यावी का?

कृष्णाकाठ:
कृपया घेऊ नका. जपानमध्ये या कन्सोलच्या दोन आवृत्त्या आहेत: २०२५ मध्ये विक्रीस आली तेव्हा ४९,९८० येनला असलेली देशांतर्गत वापरासाठीची आणि ६९,९८० येनला असलेली बहुभाषिक. स्वस्त आवृत्तीची भाषा केवळ जपानी असते, ती बदलता येत नाही आणि तिला जपान हाच प्रदेश निवडलेले निन्टेंडो खाते लागते. हा फरक न सांगता आपल्याकडे ती 'सवलतीत' विकणे मला सरळ फसवणूक वाटते. खुद्द जपानमध्येही मागणी इतकी होती की निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात कन्सोल कोणाला विकायचा हे ठरवणाऱ्या सोडतीसाठी सुमारे २२ लाख अर्ज आले, आणि अर्जदाराने जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असावे अशी अट होती. अट कडक होती, पण माल खेळणाऱ्यांच्याच हाती पडावा हा तिचा हेतू मला योग्य वाटतो.

मिरज_जंक्शन:
सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलच्या वेळची टंचाई मला आठवते. जगात तो नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्याआधी जानेवारीत उघडलेली नोंदणी काही मिनिटांतच संपली होती. तेव्हा जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा होता आणि दलाल अव्वाच्या सव्वा किमती मागत होते, तरीही ४९,९९० रुपये ही अधिकृत किंमत सर्वांना ठाऊक असल्यामुळे ग्राहकाला ठामपणे नाही म्हणता येत होते. पुरवठा सुधारला तसा तो प्रश्न मिटला. आपला प्रश्न त्याहून बिकट आहे, कारण येथे छापील किंमतच नाही. थांबल्याने भाव उतरू शकेल, परंतु अधिकृत विक्री सुरू झाल्याशिवाय येथील हमी मिळणार नाही. म्हणून दुरुस्तीची जबाबदारी कोण घेणार, हे विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्यावे आणि त्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

कृष्णाकाठ:
याच्याशी मी सहमत आहे. परदेशातून येणारे कोणी नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडून बहुभाषिक आवृत्ती खरेदीच्या पावतीसह आणवणे अधिक बरे. मात्र त्यांनी सीमाशुल्काचे नियम आधी पाहून घ्यावेत. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त पिनेसाठी साधा अडॅप्टर पुरतो. आपली जुनी कार्ट्रिजही बहुतांशी चालतील. वापरलेले यंत्र घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी ते वायफायला जोडून ई-शॉप (खेळ विकत घेण्याचे निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान) उघडते का हे अवश्य पाहा, कारण पायरेटेड (बेकायदा नक्कल केलेल्या) खेळांमुळे निन्टेंडोने ऑनलाइन सेवा बंद केली असेल, तर ती बंदी त्या यंत्रावरच राहते आणि नव्या मालकालाही भोगावी लागते.

विश्रामबागकर:
आपणा दोघांचे आभार. जपानी आवृत्तीचा विचार मी सोडला आहे. मावसभाऊ दुबईला असतो. तो दिवाळीत मिरजेला येईल तेव्हा पावतीसह बहुभाषिक आवृत्ती आणण्याबद्दल आजच त्याच्याशी बोलतो.