मदत हवी आहे: थिओक्रिटसची १९२२ ची सचित्र प्रत, फक्त भाग पहिला. कव्हर वाकतंय, काय करावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

आईच्या मामांचं रत्नागिरीजवळचं घर रिकामं करणं चालू आहे. मामा इंग्रजीचे प्राध्यापक होते. बहुतेक पुस्तकं गावच्या वाचनालयाला दिली, पण एक द्यायला हात होईना. थिओक्रिटस, बायॉन आणि मॉस्कस या ग्रीक कवींच्या गोपकाव्यांचं अँड्र्यू लँगने केलेलं इंग्रजी गद्य भाषांतर. चित्रं डब्ल्यू. रसेल फ्लिंटची. लंडनची मेडिची सोसायटी, १९२२. दोन भागांपैकी पहिलाच आहे. दुसरा घरात कुठेही नाही, माळ्यावरसुद्धा.

कागद जाड, कडा न कापलेल्या, ओबडधोबड. चित्रं वेगळी छापून पानांवर डकवलेली. कव्हर मात्र विचित्र आहे: पुठ्ठाच नाही, पिवळसर पांढरं मऊ कातडं आणि कडेला बांधायला रेशमी फिती. एक फीत तुटली आहे. पाऊस सुरू झाल्यापासून हे कव्हर भाजलेल्या पापडासारखं वर वळायला लागलंय. पानांवर तपकिरी ठिपकेही आहेत, पण ते जुने असावेत.

सुरुवातीला छापलंय की ५०० प्रती हातकागदावर आणि १२ प्रती व्हेलमवर, म्हणजे वासराच्या कातड्यावर, काढल्या. कव्हर व्हेलमचं आहे असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. म्हणजे ही त्या बारातली म्हणायची का? गावातला बाइंडर म्हणतो, "द्या, कडक पुठ्ठा घालून कडा सारख्या करून देतो." द्यावं का? दुसरा भाग शोधण्यात अर्थ आहे का? आणि या कवींची अशी सचित्र पुस्तकं आणखी कोणती आहेत? मला ग्रीक येत नाही, कविता मात्र वाचायला लागलोय आणि सुटत नाहीये.

(कातडं वासराचं असतं हे आजीला अजून सांगितलेलं नाही. पुस्तक सध्या देवघराच्या कपाटात आहे.)

---

निळी_शाई

बाइंडरला आधी नाही म्हणून टाका, बाकीचं नंतर.

प्रत त्या बारातली नाही. त्या १२ प्रतींत मजकूरच व्हेलमवर छापलेला होता. तुमची पानं कागदाची आहेत, म्हणजे ती ५०० पैकी एक, फक्त बांधणी मऊ व्हेलमची. खात्री हवी असेल तर एक पान उजेडासमोर धरा. हातकागदात साच्याच्या तारांच्या फिकट रेघा दिसतात. कातड्यात तशा दिसत नाहीत, तिथे केसांच्या मुळांचे बारीक ठिपके किंवा शिरा दिसतात.

हे रिकार्डी प्रेसचं काम, मेडिची सोसायटीचाच छाप. अक्षर पाहिलंत? हर्बर्ट हॉर्नने पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या छपाईवरून तो टाइप बेतला होता. काळा, गोलसर, पानाला भरीवपणा देणारा. मला विचाराल तर या पुस्तकातली सर्वांत देखणी गोष्ट तोच आहे, चित्रं नव्हेत, पण त्यावर इथे भांडण होईल म्हणून थांबतो.

फ्लिंट मूळचा एडिंबराचा, जन्म १८८०. याच प्रेससाठी त्याने १९१०-११ मध्ये मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथांचे चार भाग चितारले होते, त्यावर त्याचं नाव झालं. लँगचं भाषांतर त्याहून जुनं, १८८० चं. लँग १९१२ मध्ये गेला, त्यामुळे ही आवृत्ती त्याने पाहिलेली नाही. दोन्ही भाग मिळून २० रंगीत चित्रं असायला हवीत. तुमच्या भागातल्या चित्रसूचीशी एकेक ताडून पाहा. डकवलेली चित्रं लोक सोडवून फ्रेम करून विकतात, आणि मग अशी अर्धी नागडी पुस्तकं बाजारात फिरतात.

---

कसर

नाव बघून घाबरू नका, मी पुस्तकं वाचवायचं काम करते, खायचं नाही :)

कव्हर वळतंय हा दोष नाही, व्हेलमचा स्वभाव आहे. हे कातडं कमावलेलं नसतं. चुन्याच्या पाण्यात ठेवून, खरवडून, चौकटीवर ताणून वाळवलेलं असतं. त्यामुळे हवेतलं पाणी ते पटकन घेतं आणि पटकन सोडतं. आतल्या बाजूला पानं टेकलेली, बाहेरची बाजू उघडी. दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत, म्हणून वळतं. त्या रेशमी फिती शोभेच्या नाहीत, कव्हर मिटलेलं राहावं म्हणूनच आहेत. तुमची एक तुटली, आणि बहुधा तीच कड जास्त वर आलेली असेल. बघा आणि सांगा.

अशा वस्तूंना सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के बरी. कोकणात जुलैमध्ये ८०-९० सहज असते. तेव्हा पुस्तक "सुकवायचं" नाही, हळूहळू बऱ्या हवेत आणायचं. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यांतलं काहीही नको. ओलसर व्हेलमला उष्णता लागली की ते आकसून शिंगासारखं कडक होतं आणि मग परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचंही नाही.

पुस्तक आडवं ठेवा, उभं नको. वर-खाली स्वच्छ पांढरा कागद, त्यावर पुस्तकापेक्षा मोठी गुळगुळीत फळी आणि फळीवर एक-दोन जाडसर पुस्तकांचं वजन, बस्स. वरवंटा नको. चित्रं डकवलेली आहेत, जास्त दाबलं तर त्यांच्या कडांचे वळ समोरच्या पानावर उठतील. पुठ्ठ्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण पुस्तकाला न टेकवता, आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक टाका. पुड्या भरमसाठ घातल्या तर उलटं होतं, कव्हर कोरडं पडून ताठ होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते.

आपल्याकडे पोथी लाल कापडात बांधायची पद्धत आहे. ती पोथीला चालली, इथे नको. लाल रंग दमट हवेत सुटला तर पांढऱ्या व्हेलमवरून कोणाच्या बापाला निघणार नाही. धुऊन खळ काढलेला, न रंगवलेला मांजरपाट वापरा. तुटलेली फीत पाकिटात घालून पुस्तकासोबतच ठेवा, नवी शिवू नका. तोवर रुंद सुती नाडी सैल बांधा. रबरबँड अजिबात नको.

तपकिरी ठिपक्यांना हात लावू नका. ते घालवायचे म्हणजे पान सुटं करून धुवायचं. ते ठिपके तसेच राहिले तर काही बिघडत नाही. पण बोट फिरवल्यावर भुकटी आली किंवा कुबट वास वाढला तर ती जिवंत बुरशी. मग पुस्तक वेगळं काढा आणि मास्क लावूनच हाताळा.

आणि बाइंडर: "कडा सारख्या करून देतो" म्हणजे कटरखाली घालतो. हातकागदाच्या त्या ओबडधोबड कडा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. तज्ज्ञाला दाखवायचंच असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे. बाहेरचं काम घेतात का ते आधी विचारून मगच जा.

---

उंटावरचा_शहाणा

लँगचं भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. मोबाइलला व्हेलम लागत नाही आणि तो वळतही नाही.

---

कसर

@उंटावरचा_शहाणा, बरोबर आहे. म्हणूनच वाचन मोबाइलवर करावं आणि पुस्तकाला पावसाळाभर झोपू द्यावं. मी विनोद करत नाहीये.

---

सायक्लॉप्स_काका

निळी_शाई थांबले, मी थांबत नाही.

फ्लिंटचा हात जलरंगात असा काही चालतो की पाणी, ऊन आणि ओला खडक यांत त्याला तोड नाही. पण त्याने थिओक्रिटसची सहल करून टाकली आहे. सगळीकडे स्वच्छ पोरी, स्वच्छ पोरं, शेळ्यासुद्धा आंघोळ केलेल्या. मूळ कवी सिराक्यूजचा, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, कोस बेट आणि अलेक्झांड्रिया पाहिलेला. इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याच्या राजधानीत बसून गावच्या गुराख्यांवर लिहिणारा शहरी माणूस. पण त्याला वास येतात! सातव्या कवितेत लिसिडास हा शेळ्या राखणारा भेटतो तेव्हा त्याच्या खांद्यावर बोकडाचं केसाळ कातडं आहे आणि त्याला दूध नासवायच्या ताज्या रेनेटचा वास मारतोय. चौथीत दोन गुराखी गप्पा मारता मारता एकाच्या पायात काटा जातो आणि दुसरा तो काढून देतो, जवळजवळ एवढंच. अकरावीत एकडोळ्या राक्षस (सायक्लॉप्स) पॉलिफीमस समुद्रातल्या गॅलाटियाला पटवायला काय सांगतो? माझ्याकडे चीज बारा महिने असतं म्हणून. मी हे टोपणनाव त्याच्यासाठी घेतलंय.

पंधरावी तर आधी वाचाच. त्यात शेत नाही, गुरं नाहीत. गॉर्गो आणि प्रॅक्सिनोआ या सिराक्यूजच्या दोन बायका अलेक्झांड्रियात अडोनिसचा उत्सव बघायला राजवाड्यात निघाल्यात. नवऱ्यांच्या तक्रारी, रडणारं पोर घरी ठेवून निघणं, रस्त्यातली चेंगराचेंगरी, आणि शेजारचा माणूस त्यांच्या बोलण्याच्या ढंगावरून टोकतो तेव्हा त्याला दिलेलं सणसणीत उत्तर. दोन हजार दोनशे वर्षं झाली, आणि बोलणं कालच्या लोकलमधलं. हे चितारायला फ्लिंट नको होता, कोणीतरी तिरकस रेषेचा हवा होता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सगळ्यांत सुंदर उदाहरण हे छापील चित्र नाहीच. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १४९५-९६ च्या सुमारास थिओक्रिटस ग्रीकमध्ये छापला. न्यूरेंबर्गच्या विलिबाल्ड पिर्कहाइमरची जी प्रत होती, तिच्या पहिल्या पानावर त्याच्या मित्राने हाताने निसर्गचित्र रंगवलं: गुराखी, मेंढ्या, झाडं. मित्राचं नाव आल्ब्रेख्ट ड्यूरर, मोठा जर्मन चित्रकार. ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर मोठं करून बघता येतं.

मग विल्यम ब्लेक, इंग्रज कवी-चित्रकार. हे काम ग्रीक नव्हे, लॅटिन शाखेचं, पण रोमन कवी व्हर्जिलची गोपगीतं थिओक्रिटसच्याच पोटची. १८२१ मध्ये डॉ. थॉर्नटनने शाळकरी मुलांसाठी काढलेल्या व्हर्जिलच्या आवृत्तीसाठी ब्लेकने १७ छोटी लाकडी कोरीव चित्रं केली. थॉर्नटनला ती कच्ची वाटली आणि ठोकळे पानात बसावेत म्हणून कडेने कापलेसुद्धा. त्याच आगपेटीएवढ्या काळोख्या चित्रांनी पुढे सॅम्युएल पामरसारख्या चित्रकारांना वेड लावलं. माझ्या मते चंद्रप्रकाशातलं मेंढपाळाचं जग इतकं खरं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

ग्रीक लेखक लाँगसची 'डॅफ्निस आणि क्लोई' ही गद्य प्रेमकथा, पण याच घराण्यातली, आणि चित्रकारांचा सगळा जीव तिच्यावरच. १८९३ मध्ये रिकेट्स आणि शॅनन यांचे लाकडी ठसे, १९०२ मध्ये बोनारचे लिथोग्राफ, म्हणजे शिळाछाप (प्रकाशक व्होलार), १९६१ मध्ये शागाल. आणि मायॉलने व्हर्जिलच्या गोपगीतांसाठी केलेले लाकडी ठसे, काउंट केसलरच्या वायमारमधल्या क्रानाख प्रेसचे, १९२६. नुसती बाह्यरेषा, आत काही नाही, तरी अंग भरलेलं.

---

पागोळी

काका, सुंदर. मला हे वाचताना सतत गाथासप्तशती आठवते. हालाच्या नावावरचा तो महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह: शेतं, पाणवठे, सासू-सुना, चोरून भेटी. संबंध असेल का? सातवाहनांच्या काळात यवन (म्हणजे ग्रीक) तर इथे होतेच, कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत.

---

सायक्लॉप्स_काका

यवन होते म्हणून थिओक्रिटस आला असं म्हणता येत नाही, तसा धागा हाती लागत नाही. आणि बाज वेगळा आहे. गाथेत दोन ओळींत सगळं सूचित करून मोकळं व्हायचं. थिओक्रिटसचे गुराखी गाण्याची पैज लावून निवांत बसतात. पण शेजारी शेजारी ठेवून वाचायला मजा येते, ते जरूर करा.

---

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार! @कसर, तुमचं बरोबर निघालं, तुटक्या फितीचीच कड जास्त वर आली होती. मांजरपाट आणला, फळी ठेवली, आता बराच फरक आहे. बाइंडरला नाही सांगितलं, तो जरा रुसला. चित्रसूची ताडली, या भागातली सगळी चित्रं जागेवर आहेत. पंधरावी कविता मोबाइलवर आईला मराठी करून सांगितली. तिचं म्हणणं, ती प्रॅक्सिनोआ म्हणजे आमच्या शेजारच्या काकू.

आता एक नवीन प्रश्न. इंग्लंडमधला एक विक्रेता नुसता दुसरा भाग विकतोय. वर्णनात फक्त "चांगल्या स्थितीत" एवढंच. घ्यावा का? त्याने उलट मलाच विचारलं, तुमचा पहिला भाग मला विकता का.

---

निळी_शाई

विकायचा विचार असेल तर जपून. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा आहे. छापील इंग्रजी पुस्तकाला तो कितपत लागतो हे पुरातत्त्व खात्याला लेखी विचारल्याशिवाय पोस्टात टाकू नका.

विकत घ्यायचं तर आधी बांधणी विचारा. हीच आवृत्ती साध्या कागदी पुठ्ठ्याच्या आणि कापडी कण्याच्या बांधणीतही निघाली होती. तसा भाग आला तर तुमच्या व्हेलमशेजारी तो सावत्र दिसेल. वाचायला अर्थातच चालेल, पण जोडी म्हणून किंमत धरू नका. सुट्या भागाला पूर्ण संचाच्या निम्म्याहून बरंच कमी द्यायचं असतं, आणि विक्रेत्यालाही ते माहीत असतं. घासाघीस करा.

---

कसर

आणि फोटो मागवा: चित्रसूचीचं पान, प्रत्येक चित्र, कव्हर चारही बाजूंनी, चारही फिती. कुठल्या वाचनालयाचा शिक्का आहे का तेही विचारा. शिवाय पावसाळ्यात मागवू नका. दिवाळीनंतर पाठवा म्हणावं.